वाचकांचे प्रश्न : पाण्यातले जंतू, फिल्टर आणि तपासणी

पाणी शुद्ध करण्याच्या साधनांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची विचारणा एकच आहे : कोणते यंत्र चांगले? त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पाण्यात कोणता जंतू असण्याचा संभव आहे, हे यंत्र त्याला नेमके कसे अडवते, आणि अडवायचे थांबले तर आपल्याला कळणार कसे. तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून पुढच्या उत्तरांत तिच्यावर भर दिला आहे.

प्रश्न : नळाच्या पाण्याचा टीडीएस ३१० येतो, फिल्टरच्या पाण्याचा ४०. फिल्टरचे पाणी जंतुमुक्त झाले असे धरावे का?

उत्तर : धरू नये. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू हा विरघळलेला क्षार नव्हे. एका जिवाणूचे वजन साधारण एक ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाइतके असते. लिटरभर पाण्यात असे एक लाख जिवाणू असले तरी सगळ्यांचे मिळून वजन ०.०००१ मिलिग्रॅम भरेल. मीटरचा आकडा मात्र लिटरमागे १ मिलिग्रॅमने बदलतो. म्हणजे मैलापाणी मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस ४० असू शकतो आणि ८०० टीडीएसचे खारट पाणी जंतूंच्या दृष्टीने निर्दोष असू शकते. आरओ यंत्रातल्या मेम्ब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यावर, लक्ष ठेवायला हा मीटर उत्तम आहे. पूर्वी ४० येणारा आकडा हळूहळू १२० झाला, तर मेम्ब्रेन किंवा तिची रबरी सील गेली असे समजावे. त्याचा उपयोग एवढाच.

प्रश्न : आमच्या यंत्रातला यूव्ही दिवा निळा उजेड देतो. तो पेटलेला आहे तोवर पाणी सुरक्षित आहे ना?

उत्तर : डोळ्यांना दिसणारा निळा उजेड जंतूंचे काहीच करत नाही. काम करतात ते २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण, आणि ते दिसत नाहीत. पाऱ्याचा दिवा जुना झाला की निळा उजेड तसाच राहतो, पण अतिनील किरण कमी होत जातात. अशा दिव्याचे उपयोगी आयुष्य सुमारे ९,००० तास, म्हणजे अखंड चालू ठेवल्यास जेमतेम वर्षभर. ज्या यंत्रात पाणी सुरू होताच दिवा लागतो आणि थांबताच विझतो, तिथे तास कमी भरतात. पण प्रत्येक वेळी पेटताना तारेवरचा लेप झिजतो, शिवाय पहिले काही क्षण दिवा पूर्ण ताकदीने चालत नाही. त्या यंत्राचे सुरुवातीचे पेलाभर पाणी पिऊ नये.

हे किरण जंतूच्या डीएनएवर घाव घालतात. डीएनएचा एक घटक असलेल्या थायमिनचे शेजारशेजारचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीला स्वतःची प्रत काढता येत नाही. जंतू लगेच मरतोच असे नाही, पण वाढू शकत नाही आणि म्हणून रोग करू शकत नाही. किती घाव बसतील ते मात्रेवर ठरते, आणि मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले पाणी दिव्यासमोर राहिलेले सेकंद. ती चौरस सेंटीमीटरमागे मिलिजूलमध्ये मोजतात. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या कोष्टकात क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया हे आदिजीव ९९.९९ टक्के निष्प्रभ करायला २२ मिलिजूल पुरतात, विषाणूंसाठी मात्र १८६ मागितले आहेत. कारण अडीनोव्हायरस हा विषाणू फार चिवट आहे. चांगल्या घरगुती यंत्राचे प्रमाणन ४० मिलिजूलला होते. क्रिप्टोला आणि बहुतेक जिवाणूंना ते भरपूर झाले. अडीनोव्हायरसला पुरत नाही.

बिघाड कुठे होतो ते आता पाहा. दिवा क्वार्ट्‌झच्या नळीत बसवलेला असतो, कारण साधी काच २५४ नॅनोमीटरचे किरण गिळून टाकते. नळी फुटल्यावर कोणी साध्या काचेची बसवली तर दिवा पेटलेला दिसेल आणि पाण्याला काहीही मिळणार नाही. दुसरे, जड पाण्यातला चुना आणि लोह या नळीवर थर धरतात. लोह लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर असले की थर लवकर बसतो. दर दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून नळी काढावी, व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात अर्धा तास ठेवावी, मऊ कापडाने पुसून स्वच्छ पाण्याने धुवावी. बसवताना बोटांचे ठसे उमटू देऊ नयेत. तेलकट ठसाही किरण अडवतो. तिसरे, गढूळ पाणी. मातीच्या कणाच्या सावलीत बसलेल्या जंतूपर्यंत किरण पोचत नाहीत, म्हणून दिव्याआधी ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणारा कार्ट्रिज असलाच पाहिजे. चौथे, प्रवाह. दर मिनिटाला २ लिटरसाठी बनवलेल्या यंत्रातून ४ लिटर सोडले तर मात्रा निम्मी होते.

ज्या यंत्रात तीव्रता मोजणारा सेन्सर आहे आणि मात्रा घटताच पाणी बंद करणारा झडप आहे, त्याला आम्ही पसंती देऊ. नुसता ‘दिवा चालू’ दाखवणारा लाल-हिरवा ठिपका बहुतेक वेळा फक्त वीज पोचते की नाही एवढेच सांगतो. आणखी एक : यूव्ही मागे काहीच ठेवत नाही. घागरीत पुन्हा जंतू पडले तर त्यांना अडवणारे पाण्यात काही उरत नाही. काही जिवाणू तर उजेडात आपला डीएनए दुरुस्तही करतात, म्हणून असे पाणी झाकून, अंधारात ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे.

प्रश्न : जाहिरातीत ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ असे लिहिलेले असते. हे पुरेसे आहे का?

उत्तर : सुरुवातीला किती होते त्यावर ते अवलंबून आहे. लिटरमध्ये दहा लाख जिवाणू असतील तर ९९.९ टक्के गेल्यावर हजार उरतात. म्हणून या क्षेत्रात नऊचे आकडे मोजतात : ९९.९ म्हणजे तीन लॉग, ९९.९९ म्हणजे चार लॉग. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या १९८७च्या मार्गदर्शिकेत घरगुती शुद्धियंत्राकडून जिवाणूंसाठी सहा लॉग, विषाणूंसाठी चार आणि आदिजीवांच्या कोशांसाठी तीन लॉग अपेक्षित आहेत. जाहिरातीत जंतूचा प्रकारच दिलेला नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. विचारणा करताना ‘विषाणूंसाठी किती लॉग, कोणत्या प्रवाहाला आणि कार्ट्रिजमधून किती लिटर पाणी गेल्यानंतर’ असे विचारावे. नव्या कोऱ्या कार्ट्रिजचा आकडा कोणीही देईल.

प्रश्न : पाण्याच्या टाकीत क्लोरीन किती टाकावे? आम्ही अंदाजाने टाकतो, वास येतो, तरीही घरात जुलाबाचा त्रास झाला.

उत्तर : आधी मात्रा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन धरतात, किंचित गढूळ पाण्याला ४. हजार लिटरच्या टाकीला २ मिलिग्रॅमप्रमाणे २ ग्रॅम क्लोरीन लागते. ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम असते, म्हणून ४० मिलिलिटर पुरते. २० लिटरच्या भांड्याला तेच द्रावण ०.८ मिलिलिटर लागेल. इतके कमी माप सुईविना सिरिंजनेच घ्यावे. ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे ३३ टक्क्यांची असते, हजार लिटरला ६ ग्रॅम. ती आधी बादलीभर पाण्यात कालवून, निवळू देऊन, वरचे निवळ पाणीच टाकीत ओतावे. सुगंधी किंवा साबण मिसळलेले ब्लीच वापरू नये, आणि ब्लीच कधीही आम्लाजवळ आणू नये. विषारी वायू सुटतो.

टाकल्यावर ढवळून ३० मिनिटे थांबायचे आणि मग मोजायचे : उरलेले मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम हवे. मोजण्यासाठी डीपीडीची गोळी घ्यावी. गुलाबी रंग जितका गडद तितके क्लोरीन जास्त. क्लोरीन फारच झाले तर हाच गुलाबी रंग उडून जातो आणि चाचणी शून्य दाखवते. टाकीला वास येत असताना रंग आला नाही, तर नमुना पाचपट पातळ करून पुन्हा पाहावे.

वास असूनही आजार का होतो? तीन कारणे वारंवार सापडतात. पहिले, तो वास मुक्त क्लोरीनचा नसून अमोनियाशी जोडलेल्या क्लोरीनचा असतो. मैलामिश्रित पाण्यात अमोनिया असतोच, त्याच्याशी मिळून क्लोरामाइन बनते. त्याला तीव्र वास येतो पण जंतुनाशक ताकद बरीच कमी. म्हणून एकूण नव्हे, मुक्त क्लोरीन मोजावे. दुसरे, पीएच. पाण्यात क्लोरीनचे दोन रूपांत विभाजन होते आणि खरे काम हायपोक्लोरस आम्ल करते. पीएच ७.५ला ते निम्मे असते, ८.५ला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पीएच ८च्या वर असेल तर अर्ध्या तासाऐवजी जास्त वेळ द्यावा लागतो.

तिसरे कारण क्रिप्टोस्पोरिडियम. ४ ते ६ मायक्रॉनच्या कोशात बसलेला हा आदिजीव नीट क्लोरीन असलेल्या जलतरण तलावातही ७ दिवसांहून अधिक जिवंत राहतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातूनच सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. गाळणीच्या टप्प्यावर गढूळपणा वाढला होता आणि तो वेळीच आवरला गेला नाही. क्लोरीन वाढवून हा प्रश्न सुटत नाही. १ मायक्रॉनची खात्रीची गाळणी, यूव्ही किंवा उकळणे यांपैकी एक काहीतरी जोडीला हवे. पाण्याला खळखळून उकळी येऊन एक मिनिट झाले की पुरे (२,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटे). वीस मिनिटे उकळत ठेवल्याने इंधन जाते, सुरक्षितता वाढत नाही.

प्रश्न : मातीच्या कँडलचा फिल्टर जुना झाला. अजून चालेल का? कसे ओळखावे?

उत्तर : कँडल म्हणजे भाजलेल्या मातीची किंवा डायटम मातीची (सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनलेल्या मातीची) जाड गाळणी. विल्हेल्म बर्केफेल्ड यांनी जर्मनीत १८९१ मध्ये डायटम मातीची कँडल आणली. त्याआधी १८८४ मध्ये शार्ल शांबरलाँ यांनी पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत चिनीमातीची गाळणी तयार केली होती. तिची मर्यादाही तिनेच दाखवली. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस तशा गाळणीतून काढला आणि गाळलेला रसही रोग पसरवत राहिला. विषाणूंचा शोध तिथून सुरू झाला. आजच्या कँडललाही हेच लागू आहे : जिवाणू आणि आदिजीव अडतात, ०.०२ ते ०.१ मायक्रॉनचे विषाणू बरेचसे निसटतात. चांदीचा लेप असला तर कँडलमध्ये जिवाणू वाढत नाहीत. विषाणूंबाबत त्यावर भिस्त ठेवू नये.

पाणी मंद झाले की कँडल मऊ ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासावी. साबण लावू नये, छिद्रांत बसतो. उकळत्या पाण्यात एकदम टाकू नये, तडे जातात. प्रत्येक घासण्यात थर झिजतो. उत्पादकाने दिलेल्या गेजमधून (मापाच्या कडीतून) कँडल आरपार गेली की बदलावी. तडा तपासण्यासाठी ती रात्रभर पाण्यात भिजवावी, खालच्या नळीला रबरी नळी लावून पाण्याखाली धरावी आणि हवा फुंकावी. ओल्या बारीक छिद्रांतून तोंडाच्या दाबाने हवा निघत नाही, म्हणून बुडबुडे दिसले तर तिथे भेग आहे. तोंडाने फुंकून सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा मोठी भेगच सापडते हे ध्यानात ठेवावे. जिवाणू मावायला तीसावा भागही पुरतो, तेव्हा चाचणीत उत्तीर्ण झालेली कँडल निर्दोषच आहे असे नाही. बऱ्याचदा गळती कँडलमधून नसते, तिच्या बुडाशी बसवलेल्या वॉशरमधून असते. वॉशर कडक झाला असेल तर आधी तो बदलावा. फुंकलेली कँडल पुन्हा लावण्याआधी घासून धुवावी आणि पहिले दोन भरणे फेकून द्यावी.

प्रश्न : जुने सुती कापड दुमडून पाणी गाळण्याला काही अर्थ आहे का?

उत्तर : पटकीसाठी आहे. पटकीचा जिवाणू उघड्या पाण्यात कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो. रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीचे दुमडून केलेले गाळणे वापरले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. जुने कापड चांगले, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रे सुमारे २० मायक्रॉनपर्यंत लहान होतात. सुट्ट्या जिवाणू-विषाणूंना हे कापड अडवत नाही. उकळणे किंवा क्लोरीन यांच्याआधीची पायरी म्हणून ते जरूर वापरावे, आणि प्रत्येक वेळी धुऊन उन्हात वाळवावे.

प्रश्न : पाणी काळे झाले तर दूषित, अशी बाटलीतली चाचणी घरी करता येते असे ऐकले. ती विश्वासार्ह आहे का? आणि प्रयोगशाळेला निकाल द्यायला एक दिवस का लागतो?

उत्तर : ही हायड्रोजन सल्फाइड चाचणी. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये ती प्रसिद्ध केली. बाटलीत पोषकद्रव्ये, लोहाचा क्षार आणि सोडियम थायोसल्फेट यांत भिजवून वाळवलेला कागद असतो. आतड्यातून येणारे अनेक जिवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, त्याची लोहाशी गाठ पडली की काळा आयर्न सल्फाइड तयार होतो. खुणेपर्यंत पाणी भरावे, झाकण लावून हलवावे, ३० ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवावे. २४ तासांनी पाहावे आणि काळे नसेल तर ४८ तासांनी पुन्हा. थंडीच्या दिवसांत खोली २० अंशांवर असली तर जिवाणू असूनही वेळेत काळे होत नाही. सर्वांत जास्त चुकीचे ‘सुरक्षित’ निकाल याच कारणाने येतात. उबदार पेटी हवीच.

उलटी चूकही होते. खोल विहिरीच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल किंवा मातीतले सल्फेट खाणारे जिवाणू असतील, तर मैल्याचा संबंध नसताना बाटली काळी पडते. भरल्यावर काही मिनिटांतच काळी झाली तर ते जिवाणूंचे काम नाही, रासायनिक सल्फाइडच आहे. म्हणून काळी बाटली म्हणजे ‘पाणी उकळा आणि ई. कोलायची तपासणी करा’. पांढरी राहिली तरी विषाणू आणि क्रिप्टोबद्दल ती काहीच सांगत नाही. काळी झालेली बाटली म्हणजे जंतूंची दाट वाढ. तिच्यात ब्लीच ओतून अर्धा तास ठेवावे आणि मगच शौचालयात रिकामी करावी.

प्रयोगशाळा ई. कोलाय शोधते, कारण तो माणसांच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातून येतो. तो सापडला म्हणजे विष्ठेची वाट पाण्याला मिळाली. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये तो एकही सापडता कामा नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. एक पेशी डोळ्यांना दिसत नाही, तिची वसाहत व्हावी लागते. एकाचे दहा लाख व्हायला वीस वेळा दुप्पट व्हावे लागते, दर वेळी २० ते ३० मिनिटे. वर क्लोरीनने अर्धमेल्या झालेल्या पेशींना सावरायला वेळ. म्हणून १८ ते २४ तास. पूर्वी लॅक्टोजच्या नळ्यांत वायू सुटतो का ते पाहत, मग ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यावर १०० मिलिलिटर पाणी गाळून वसाहती मोजू लागले. १९८० च्या दशकाअखेर विकर-आधारित (एन्झाइमवर चालणारी) चाचणी आली : कॉलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय ज्यात मोडतो तो जिवाणूंचा गट, असले तर पाणी पिवळे होते, आणि त्यात ई. कोलाय असेल तर अतिनील दिव्याखाली निळे चमकते. घरगुती वापराजवळ आलेला सर्वांत मोठा टप्पा हाच, असे आमचे मत आहे; मोजमाप, बाटली आणि ३५ अंशांची पेटी एवढे पुरते.

डीएनएच्या प्रती वाढवून तासाभरात निकाल देणारी पीसीआर चाचणी मग का चालत नाही? ती मेलेल्या जंतूचा डीएनएही मोजते. क्लोरीनने मारलेले ई. कोलायही ‘सापडले’ म्हणून येतात. शिवाय तिच्या नळीत काही मायक्रोलिटर द्रव मावतो, तर आपल्याला १०० मिलिलिटरमधला एक जंतू हवा आहे. आधी गाळून, धुऊन, सांद्र करावे लागते. पानांच्या कुजण्यातून आलेले ह्युमिक पदार्थ प्रक्रियाच अडवतात. डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्याच, २००० मध्ये आलेल्या ‘लॅम्प’ नावाच्या पद्धतीला तापमान वर-खाली करावे लागत नाही, ६० ते ६५ अंशांवर ती चालते, त्यामुळे शेतावर नेण्याजोगे यंत्र शक्य झाले. तरी सांद्र करण्याचा टप्पा सुटत नाही. त्वरित तपासणीची जी नवी साधने येतील, त्यांना हाच पहिला प्रश्न विचारावा : किती मिलिलिटर पाणी तपासता?

नमुना नीट घेतला नाही तर कोणतीही चाचणी व्यर्थ. नळाचा फवारा काढा, तोटी स्पिरिटने पुसा किंवा ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्या. बाटली निर्जंतुक आणि क्लोरीन मोडणारे थायोसल्फेट असलेली हवी. ती आत धुवू नका, थायोसल्फेट निघून जाईल. हलवायला वर थोडी जागा ठेवा. बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत पोचवा, कमाल २४.

प्रश्न : आरओ बसवला, तपासणीत मात्र ‘कॉलिफॉर्म आढळले’ असे आले. मेम्ब्रेन फाटली का?

उत्तर : टीडीएस पूर्वीसारखाच असेल तर बहुधा नाही. आरओच्या आधीचा कार्बन क्लोरीन काढून टाकतो, आणि ते काढावेच लागते, कारण पॉलिअमाइड मेम्ब्रेन क्लोरीनने खराब होते. त्यामुळे पुढच्या टाकीत रक्षण करणारे काही नसते. तोटीतून, झाकणातून, हातातून शिरलेले जिवाणू तिथे भिंतीला चिकटून वाढतात. टाकीनंतर आणखी एक कार्बन कार्ट्रिज असेल तर तोही वाढीची जागा होतो.

उपाय असा. यंत्राची वीज आणि येणारे पाणी बंद करा. मेम्ब्रेनकडून टाकीकडे येणारी नळी सोडवा, म्हणजे क्लोरीन उलटे जाणार नाही. शेवटचा कार्बन कार्ट्रिज काढून घ्या. टाकी घासा, भरा आणि १० लिटरला ५ टक्क्यांचे हायपोक्लोराइट १० मिलिलिटर घाला. लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होते. थोडे पाणी तोटीतून सोडून तोटीही भिजू द्या. ३० मिनिटांनी तोटीतून सगळे काढा, दोनदा भरून फेका, डीपीडीचा रंग अगदी फिका झाला की नळी जोडा आणि नवा कार्ट्रिज बसवा. दोन दिवसांनी नमुना पुन्हा द्या, एक टाकीच्या तोटीतून आणि एक थेट मेम्ब्रेनच्या नळीतून. दुसरा नमुना दूषित आला तरच मेम्ब्रेन आणि तिची सील बदलण्याकडे वळावे.